आधी खुराक सारखा द्या, मग जनुकांचं बोला



गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी करिअर मार्गदर्शन शिबिर होतं. आमच्या वस्तीतली सात-आठ मुलं घेऊन मी गेले होते. पाहुणे म्हणून आलेले एक निवृत्त अधिकारी तासभर बरं बोलले. शेवटी प्रश्नोत्तरांत आरक्षणाचा विषय निघाला, तेव्हा गृहस्थ हसत हसत म्हणाले, "संधी सगळ्यांना द्यावी, माझी काही हरकत नाही. पण शेवटी जीन्स असतात हो. ते कुणाच्या हातात आहे?"

टाळ्या पडल्या नाहीत, पण कुणी हरकतही घेतली नाही. माझ्या शेजारी बारावीचा एक मुलगा बसला होता. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळतात. शाळेत पोरं त्याला त्याच नावाने हाक मारायची. तो मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढत राहिला. मीसुद्धा गप्प बसले. समाजशास्त्रात एम.ए. केलेली, जातीवर तास-तास बोलणारी मी, 'जीन्स' हा शब्द आला आणि माझं तोंड बंद झालं. कारण तो शब्द विज्ञानाचा होता आणि विज्ञान मला येत नव्हतं.

त्या गप्प बसण्याची लाज वाटली म्हणून गेले काही महिने वाचत बसले. बायोटेक्नॉलॉजी शिकलेल्या एका मैत्रिणीला फोन करकरून भंडावलं. आणि गंमत बघा, त्या साहेबांना द्यायचं उत्तर मला ज्या प्राण्याच्या अभ्यासात सापडलं, तो प्राणी म्हणजे डुक्कर!

जनुक असणं वेगळं, जनुक चालणं वेगळं

साहेबांच्या डोक्यातलं चित्र सोपं आहे. बापजाद्यांकडून जीन आला, त्या जीनमध्ये हुशारी किंवा मठ्ठपणा लिहिलेला आहे, विषय संपला. आधी यालाच 'पूर्वजन्मीचं कर्म' म्हणत, मग 'रक्तातच असतं' म्हणू लागले, आता 'जीन्स' म्हणतात. पाटी बदलली, दुकान तेच.

विज्ञान काय सांगतं? २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर' या नियतकालिकात डुकराचा जीनोम प्रसिद्ध झाला. ड्युरॉक वाणाच्या एका मादीच्या डीएनएवरून तो प्रामुख्याने वाचला गेला. (आपल्या भाषेत प्राण्याच्या वाणालाही 'जात' म्हणतात. निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो, म्हणून मी वाण म्हणते.) डुकरात गुणसूत्रांच्या १९ जोड्या, माणसात २३. डुकराच्या जीनोमची लांबी अडीच अब्ज अक्षरांच्या आसपास, माणसाची तीन अब्जांच्या. आणि प्रथिनं बनवण्याची कृती ज्यांत लिहिलेली असते ती जनुकं? दोघांतही वीस हजारांच्या घरात! कित्येक कृती तर जवळजवळ सारख्या. इन्सुलिनच घ्या. ५१ दुव्यांच्या त्या साखळीत डुकराचा आणि माणसाचा फरक फक्त एका दुव्याचा आहे.

मग इतका फरक येतो कुठून? काही प्रथिनांतून येतो, हे खरं. पण त्याचा फार मोठा भाग येतो तो जनुकं कधी, कुठे आणि किती चालतात यातून. प्रथिनांच्या कृती माणसाच्या जीनोमचा दोन टक्केही भाग व्यापत नाहीत. उरलेल्या भागात ठिकठिकाणी खटके आहेत. कुठे चालू करणारे, कुठे बंद करणारे, कुठे जोर वाढवणारे. यालाच जनुकीय नियमन म्हणतात.

रेशनच्या दुकानाचं उदाहरण घ्या. गोदामात धान्य आहे एवढ्याने घरातली चूल पेटत नाही. शटर कधी उघडतं, कुठल्या कार्डाला किती मिळतं, कुठल्या महिन्यात 'माल आला नाही' सांगतात, यावर सगळं ठरतं. पेशीतही तसंच आहे. तुमच्या डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशीत डीएनए एकच. पण डोळ्यात जी शटरं उघडी असतात ती यकृतात बंद असतात. गोदामाची यादी वाचून कुणाच्या घरात काय शिजलं ते कळत नाही. साहेब मात्र यादीसुद्धा न वाचता निकाल देऊन मोकळे झाले होते.

एका अक्षराची गोष्ट

हे हवेतलं वाटू नये म्हणून एक खरं उदाहरण सांगते. स्वीडनमधल्या उप्साला आणि बेल्जियममधल्या लिएज इथल्या संशोधकांना एक कोडं पडलं होतं. मांस जास्त आणि चरबी कमी असलेल्या पाळीव डुकरांत हा गुण येतो कुठून? १९९९ मध्ये दोन्ही गटांचा माग डुकराच्या दुसऱ्या गुणसूत्रावर, आयजीएफ-२ नावाच्या जनुकापाशी पोचला. वाढीशी संबंधित असं हे जनुक माणसातही आहे. २००३ मध्ये नेमकं कारण हाती आलं. फक्त एक अक्षर बदललेलं होतं, 'जी'च्या जागी 'ए'.

आणि ते अक्षर प्रथिनाच्या कृतीत नव्हतंच! ते जनुकाच्या अशा तुकड्यात होतं, ज्यातून प्रथिनाचा कणभरही भाग बनत नाही. प्रथिन तेच राहिलं, बदलला तो ब्रेक. जन्मानंतर स्नायूंमध्ये या जनुकाचं काम आवरतं घेतलं जातं. त्यासाठी एक दुसरं प्रथिन त्या अक्षराच्या जागी येऊन बसतं. अक्षर बदललं की त्याला बसता येत नाही, ब्रेक लागत नाही आणि स्नायूंमध्ये या जनुकाचं काम तिप्पट चालतं. ब्रेक लावणारं ते प्रथिन २००९ मध्ये ओळखलं गेलं. त्याचं नाव झेडबेड-६. तेही माणसात आहे.

आणखी ऐका. पिल्लाला हे बदललेलं अक्षर बापाकडून मिळालं, तरच परिणाम दिसतो. आईकडून मिळालं तर काही होत नाही, कारण या जनुकाची आईकडून आलेली प्रत स्नायूंमध्ये गप्प ठेवलेली असते. जनुक तेच, अक्षर तेच, कळपही तोच. एका पिल्लात ते बोलतं, दुसऱ्यात मुकं राहतं. आता सांगा, 'जीनमध्ये असतं' या वाक्याचा अर्थ काय उरला?

साहेब म्हणतील, "पण खटकेसुद्धा डीएनएतच आहेत ना?"

हो, आहेत. मी ते नाकारत नाही. काही खटके आपल्याला आईबापांकडून मिळतात, आणि त्यांचा परिणाम होतो. आनुवंशिकता खोटी आहे असं म्हणणारी माणसं आपल्यातही आहेत. त्यांनी हा नाद सोडावा. खोट्याच्या आधाराने समतेची लढाई लढता येत नाही.

पण आकडा बघा. त्या प्रयोगांमध्ये स्नायूंच्या प्रमाणात डुकरा-डुकरांत जो फरक दिसला, त्यातला १५ ते ३० टक्के भाग या एका जागेने समजावला. एका अक्षराच्या मानाने हे अफाट आहे, म्हणून तर त्याचं एवढं नाव झालं. तरी उरलेला ७० ते ८५ टक्के फरक दुसऱ्या गोष्टींमुळे होता.

आणि खरा मुद्दा इथे आहे. तो १५ ते ३० टक्क्यांचा आकडा मिळवायला संशोधकांना आधी काय करावं लागतं? अशा प्रयोगांत डुकरांची राहण्याची जागा सारखी ठेवतात, खुराक सारखा ठेवतात. नर-मादीचा, वयाचा, वजनाचा फरक हिशोबातून वजा करतात. एवढं केल्यावरच संशोधक म्हणू शकतो की उरलेल्या फरकात जनुकाचा वाटा इतका. एका पिल्लाला पोटभर चारलं, दुसऱ्याला उपाशी ठेवलं आणि मग "दुसऱ्याच्या जनुकातच खोट आहे" असा निष्कर्ष कुणी लिहिला, तर त्याचा शोधनिबंध कुठलंही नियतकालिक छापणार नाही. लोक हसतील त्याला.

मग माणसांच्या बाबतीत हेच कसं चालतं? एका मुलाच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तकं, स्वतंत्र खोली, शिकवणी. दुसऱ्याच्या घरी पत्र्याचं छप्पर, आई पहाटे कामाला, वर्गात बसायला मागचा बाक आणि वर शिवी. दोघांना एकाच परीक्षेला बसवायचं आणि निकालाच्या दिवशी म्हणायचं, "शेवटी जीन्स असतात." अहो, डुकरांना जो न्याय प्रयोगशाळेत मिळतो, तेवढा तरी या पोरांना द्या! आधी खुराक सारखा द्या. राहायची जागा सारखी द्या. शाळा सारखी द्या. तीन-चार पिढ्या देऊन बघा. मग तुम्ही, मी आणि तुमचे जीन्स बोलायला बसू.

बाबासाहेबांनी हा वाद त्यांच्या काळच्या विज्ञानाशी घातला होता, हे आपल्या तरुणांनी विसरू नये. त्या काळी 'जीन्स'च्या जागी 'वंश' होता आणि पुरावा म्हणून नाकाची मापं दिली जात. बाबासाहेबांनी त्या मापांकडे पाठ फिरवली नाही. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी तीच मापं हातात घेतली आणि दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. आपणही आकडे टाळायचे नाहीत, ते वाचायला शिकायचं आहे.

नातं जवळचं उंदराशी, काम जुळतं डुकराशी

आता डुकराच्या अभ्यासाचा माणसाशी संबंध काय, ते बघू. व्हॉट्सॲपवर फिरतं की डुकराचा डीएनए माणसाशी ९८ टक्के जुळतो. असले आकडे पुढे ढकलू नका. काय कशाशी ताडून पाहिलं हे सांगितल्याशिवाय अशा टक्केवारीला काही अर्थ नसतो.

खरी गोष्ट जास्त रंजक आहे. उत्क्रांतीच्या वंशवृक्षात माणसाचं डुकरापेक्षा उंदराशी जवळचं नातं आहे. 'रक्ताचं नातं' हाच निकष धरला, तर माणसाच्या सगळ्या रोगांचा अभ्यास उंदरावरच व्हायला हवा. पण हृदयाचा आकार, त्वचेची घडण, सगळं खाऊन पचवणारं पोट, अशा अनेक बाबतींत डुक्कर आपल्याला जास्त जुळतं.

खटक्यांचं काय? त्याचाही शोध चालू आहे. २०२१ मध्ये डुकराच्या १४ ऊतींमधून जमवलेले २२३ माहितीसंच एकत्र करून खटक्यांचा नकाशा काढला गेला. माणसाच्या रोगांवरच्या आणि गुणांवरच्या ४७ मोठ्या अभ्यासांशी तो ताडून पाहिला. निष्कर्ष प्रामाणिक होता : काही रोगांसाठी डुक्कर बरं, काहींसाठी उंदीरच बरा. २०२४ मध्ये 'पिगजीटेक्स' नावाचा त्याहून मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ५,४५७ आरएनए नमुने आणि ३४ ऊती आहेत. कुठलं अक्षर कुठल्या ऊतीत कुठल्या जनुकाचा जोर वाढवतं किंवा कमी करतं, याची ही यादी आहे. जनुकं चालण्याच्या पद्धतीत आणि त्यांच्या नियमनात डुक्कर आणि माणूस पुष्कळ जुळतात, असं त्यात दिसलं.

हे का महत्त्वाचं? मधुमेह, हृदयविकार यांसारख्या आजारांशी जोडलेली माणसाच्या डीएनएतली बहुतेक अक्षरं प्रथिनांच्या कृतीत नाहीत, खटक्यांच्या भागात आहेत. जिवंत माणसाच्या हृदयाचा किंवा मेंदूचा तुकडा काढून खटका तपासता येत नाही. तिथे डुक्कर वाट दाखवतं.

मग विटाळ गेला कुठे?

कामाच्या निमित्ताने मी रुग्णांना डायलिसिसला घेऊन जाते. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. जगातलं बहुतेक हेपारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलं जातं. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात येण्याआधी जगभरचे मधुमेही डुकराच्या आणि गुरांच्या इन्सुलिनवर जगत होते. हृदयाच्या बदललेल्या झडपाही अनेकदा डुकराच्या असतात. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलँडला एका माणसाला डुकराचं हृदय बसवलं. त्या डुकराच्या जनुकांत दहा बदल केले होते. त्यातला एक होता वाढीच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारं जनुक बंद करण्याचा, म्हणजे माणसाच्या छातीत ते हृदय वाढत जाऊ नये. तो रुग्ण दोन महिने जगला. २०२४ च्या मार्चमध्ये बॉस्टनला डुकराचं मूत्रपिंड बसवलं, त्यात ६९ बदल होते. हाही रुग्ण दोनेक महिन्यांत गेला. रस्ता लांबचा आहे, पण लोक त्यावरून चालत आहेत.

माझा प्रश्न साधा आहे. ज्या घरांत डुक्कर पाळणाऱ्याची सावली चालत नव्हती, त्या घरांतल्या माणसांच्या नसांत डुकराच्या आतड्यातलं औषध गेलं, तेव्हा विटाळ कुठे होता? औषध घ्यावंच, जीव वाचवावाच. पण मग डुक्कर पाळणाऱ्याच्या पोराला शाळेत त्याच नावाने हाक मारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

मंत्राने नाही, भाकरीने

आता दुसऱ्या टोकाची फसवणूक. खटक्यांचं हे विज्ञान गर्भसंस्काराच्या दुकानदारांनी लगेच उचललं. अमुक मंत्र म्हणा, तमुक श्लोक ऐका, बाळाचे जीन्स सुधारतील! आणि तोंडी लावायला शब्द 'एपिजेनेटिक्स'.

पुरावा कशाचा आहे ते ऐका. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये दुष्काळ पाडला गेला. माणशी दिवसाला हजार कॅलरीही मिळेनात. त्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, ती माणसं साठीला आल्यावर त्यांचा डीएनए तपासला आणि त्यांच्याच भावंडांशी ताडून पाहिला. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एका जनुकाच्या नियमनाच्या भागावरच्या रासायनिक खुणा त्यांच्यात कमी होत्या. जनुक कुठलं? आयजीएफ-२. डुकराच्या मांसाचा ब्रेक जिथे सापडला, तेच!

म्हणजे गर्भातल्या बाळापर्यंत श्लोक पोचतो की नाही ते श्लोकवाल्यांनी सिद्ध करावं, आईची भूक मात्र पोचते. गर्भवतीला मंत्र नको, अंगणवाडीचा पोषण आहार वेळेवर हवा, लोहाच्या गोळ्या हव्यात, सातव्या महिन्यात विटा उचलायला लागू नयेत.

आणि आपल्या माणसांनाही दोन शब्द. "हजारो वर्षांचा अत्याचार आपल्या जीन्समध्ये कोरला गेलाय" अशी पोस्ट आपलेच कार्यकर्ते फिरवतात. नेदरलँड्सचा अभ्यास स्वतः गर्भात उपास सोसलेल्यांचा आहे, त्यांच्या दहाव्या पिढीचा नाही. आणि विचार करा, आपण जन्मतःच डागाळलेले आहोत हेच तर मनुस्मृतीला म्हणायचं होतं! ते पुन्हा आपल्याच तोंडाने कशाला? तसंच "बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पादात जनुकीय नियमन आधीच सांगितलं होतं" असंही म्हणू नका. कारणांवाचून काही घडत नाही, ही दृष्टी बुद्धांनी दिली. ती पुरेशी मोठी आहे. कर्णाच्या जन्मात जेनेटिक्स शोधणाऱ्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं कारण नाही.

खटक्याची किल्ली कुणाच्या हातात?

शेवटचा मुद्दा आपल्या घरातला आहे. विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध कुटुंबांत सिकलसेल किती आहे ते सांगायला नको. हा आजार खरोखर रक्तातला आणि खरोखर जनुकातला. पण इथेही खटका आहे. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर त्याच्या जनुकाला ब्रेक लागतो, जनुक मात्र आयुष्यभर शाबूत राहतं. ब्रेक लावणाऱ्या बीसीएल-११ए या जनुकाचा रक्तपेशींतला खटका कापला, की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. 'कॅसजेव्ही' हा उपचार नेमकं हेच करतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. डुकरात निसर्गाने एक ब्रेक काढला होता, इथे माणसाने माणसासाठी दुसरा काढला. अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोलीतल्या कुठल्या आईने ते पैसे आणायचे?

आणि माणसाच्या ऊतींमधल्या खटक्यांचा जगातला सर्वात नावाजलेला संग्रह म्हणजे अमेरिकेतला जीटेक्स. त्यात जीनोम वाचलेल्या ८३८ दात्यांपैकी सुमारे ८५ टक्के युरोपीय वंशाचे आहेत. आपली शरीरं त्या नकाशावर जवळजवळ नाहीतच. जो नकाशावर नाही, त्याच्या रोगाचं औषध शेवटी निघतं.

म्हणून माझं म्हणणं आहे, या विषयाला पाठ दाखवू नका. आपली मुलं एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसतात, चांगलं आहे. पण त्यातली काही जनुकशास्त्रात, जैवमाहितीशास्त्रात गेली पाहिजेत. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून आपण मोर्चे काढतो, तसेच सिकलसेलच्या नव्या उपचारांचं संशोधन सरकारी खर्चाने व्हावं म्हणूनही काढले पाहिजेत.

त्या मुलाची आणि माझी परवा भेट झाली. हे सगळं त्याला सांगितलं. आयजीएफ-२ ची गोष्ट त्याने दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, "ताई, आमच्या घरी एकाच वितीची पिल्लं असतात. जे मागे ढकललं जातं, ज्याला आचळ मिळत नाही, ते बारीक राहतं. त्याला वेगळं काढून पाजलं की भरतं. आमच्या आजीला हे माहीत आहे."

साहेब, तुम्हाला कधी कळणार?

जय भीम! नमो बुद्धाय!